भिंगाच्या मॅडम

माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, गेल्या दिवाळीत एक पाटी लागली. गुलाबी, अंधार पडला की पेटणारी. तिच्यावर एका बाईचा गुळगुळीत गाल आणि खाली ठळक अक्षरं: 'तीळ, मस, चामखीळ पाच मिनिटांत गायब. एकाच बैठकीत.' पाटी कुणी काय लावावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः कवठे महांकाळात पंचवीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो, आणि माझ्याही काउंटरवर टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात आहे. तेव्हा मी फार शहाणपणा करावा असं नाही. पण ही पाटी बघितली की माझं डोकं फिरतं, कारण ती नेमकी त्या गाळ्यावर लागली आहे जिथं डॉक्टर शालिनी माने बसत होत्या. त्या गाळ्यात एक तीळ बघायला वीस-वीस मिनिटं लागायची, आणि बघून झाल्यावर बहुतेक वेळा काहीच करायचं नसायचं.

माने मॅडम मूळच्या फलटणच्या. वडील सुभेदार होऊन निवृत्त झालेले, घरचा ऊस. कातडीच्या रोगांचं शिक्षण घेतलेली बाई आमच्या तालुक्याच्या गावाला कशी आली, तर नवऱ्याची बदली झाली म्हणून. पुढं नवऱ्याची पुन्हा बदली झाली, तो गेला, आणि या इथंच राहिल्या. का राहिल्या ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो त्यांचा राग. तो सकाळी दहाला दवाखान्याबरोबर उघडायचा.

त्यांच्याकडं एक भिंग होतं. मुठीत मावणारं, तोंडाशी चपटी काच, आणि काचेभोवती बारीक दिव्यांचं कडं. त्याचं नाव डर्मोस्कोप, पण आमच्याकडं एवढं कोण म्हणतो? लोक 'भिंग' म्हणायचे आणि बाईंना 'भिंगाच्या मॅडम'. डागावर लिक्विड पॅराफिनचा एक थेंब टाकायचा, काच टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि बघत राहायचं. पुढं थेंबाची गरज नसलेलं नवं भिंग आलं, तरी त्यांनी थेंब सोडला नाही. बाटली माझ्याकडून जायची, त्यामुळं त्यांच्या दवाखान्यात माझं जाणं-येणं होतं. बघताना त्या श्वास रोखून धरायच्या. पेशंटनं मध्येच तोंड उघडलं तर, "गप. मी वाचतेय," म्हणायच्या.

वाचतेय हाच त्यांचा शब्द. साधा तीळ असला की आत तपकिरी जाळी दिसते, कडेला विरत गेलेली. चामखिळीत काळे-लाल बारीक ठिपके. अंगावर उठणारे लाल मोती म्हणजे आत लालभडक डबकी. आणि म्हातारपणी पाठीवर, कपाळावर उठतात ते काळे खरबरीत मस, ज्यांना बघून घरचे लोक हबकतात, त्यांच्यात पांढऱ्या चांदण्या असतात आणि मध्ये मध्ये काळी भोकं. हे सगळं त्या पेशंटलाही दाखवायच्या. मोबाइल भिंगाला लावून फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "बघा. तुमचंच आहे, तुम्हीच बघा." काही लोकांना त्याचाही राग यायचा. डॉक्टरकडं जायचं ते औषध घ्यायला, स्वतःचा मस बघायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

बघून झालं आणि डाग निरुपद्रवी निघाला की त्या एक चिठ्ठी द्यायच्या. औषधाचं नाव नाही, काही नाही. फक्त एक शिक्का: 'बघितले. साधे आहे. जाळू नये, कापू नये, बांधू नये.' बांधू नये हे खास आमच्या लोकांसाठी. आमच्याकडं चामखिळीला घोड्याचा केस आवळून बांधतात. जाळू नये तेही आमच्यासाठीच, कारण चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तिळावर लावायची पद्धत अजून घराघरात आहे. त्या चिठ्ठ्या लोक देवघरात ठेवायचे. औषध न देता पाठवलं म्हणून कुरकुर करणारेही चिठ्ठी मात्र जपून ठेवायचे.

एकदा एका मुलाचा मामा ठरलेल्या सोयरिकीची मुलगी घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, तेवढी चिठ्ठी द्या. हनुवटीवरचा डाग काय वंगाळ न्हाई म्हनून. आमच्या ताईचं समाधान हुईल." मॅडमनी मुलीला बघितलं, मामाला बघितलं, आणि त्याला बाहेर काढून मुलीला तासभर आत बसवून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्का बदलून आणला. खाली आणखी एक ओळ आली: 'ही चिठ्ठी लग्न जमवण्यासाठी चालणार नाही.'

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती भांडणातून. त्या नव्या आलेल्या होत्या. एक दिवस भर दुपारी रस्ता ओलांडून तणतणत दुकानात आल्या. बरोबर एक मुलगी, गालाला फडकं लावलेली, आणि मागं तिची आई. मॅडमनी काउंटरवर एक छोटी बाटली आपटली.

"हे तुमच्याकडचं?"

बघितलं तर चामखिळीवर लावायचं जळजळीत औषध. आमचंच. मी म्हणालो, "हो. चामखिळीसाठी मागितलं, दिलं."

"ही चामखीळ होती?"

"मी कुठं बघितली, मॅडम?"

"तेच विचारतेय. तुम्ही बघितलं नाही, हिच्या आईनं बघितलं नाही, आणि सगळ्यांनी मिळून जाळलं. आता मी काय बघू? राख?"

आई पुटपुटली, "पाव्हणं यायचं हुतं मॅडम. गालावर तीळ बरा दिसत न्हाई."

"आणि आता खड्डा दिसेल तो?"

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. गिऱ्हाइकासमोर असं बोलायचं म्हणजे काय? पण पुढचं मला डोळ्यांनी बघावं लागलं. जळलेल्या जागेच्या कडेनं त्या मुलीचा तीळ पुन्हा उगवला, वेडावाकडा, गडद. मॅडमनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. म्हणाल्या, "तीळ आधी साधा असेलही. आता तो चोरासारखा दिसतोय, आणि मी साधा आहे म्हणून सही करू शकत नाही. जाळी होती ती तुम्ही पुसून टाकली." शेवटी तो कापून तपासायला पाठवावा लागला. निकाल येईपर्यंत त्या पोरीनं अन्न टाकलं होतं. निकाल काय, तर साधा तीळ. काहीच झालेलं नव्हतं, ते आम्ही घडवून आणलं होतं. त्या दिवसापासून ती बाटली कुणी मागितली की मी विचारतो, कुठं लावणार, दाखवा. लोक चिडतात आणि शेजारच्या दुकानात जातात. शेजारचा विचारत नाही.

त्या म्हणायच्या, "शिंदे, कातडी कुणाला वाचायची नाही. सगळे नुसते खोडरबर घेऊन बसलेत."

मग एका वर्षी, सुगीच्या तोंडावर, भिवा कोकरे आला. आमच्या तालुक्याच्या पूर्वेला, जत रस्त्याच्या अंगाला एक वाडी आहे, तिथला धनगर. सत्तरीच्या पुढचा, उंच, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं आणि पायात खिळे ठोकलेल्या जाड वहाणा. दुकानात येऊन म्हणाला, "भिंगाच्या मॅडम कुठं बसत्यात? धाकटी सून लय मागं लागलीया." मला पॅराफिनची बाटली द्यायचीच होती, मी त्याला घेऊन गेलो आणि तिथंच थांबलो.

"काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

"व्हत काय न्हाई. मराय लागलोय."

"कुणी सांगितलं?"

"शिबिर हुतं. तरना डाक्टर हुता. पाठ बघितली आन म्हनला, आजोबा, ह्ये कॅन्सरवानी दिसतंय, मोठ्या दवाखान्यात जावा."

"मग गेलात?"

"कशाला? मराया दवाखाना लागतो व्हय?"

त्यानं सदरा काढला. सगळी पाठ काळ्या-तपकिरी मसांनी भरलेली. कुणीतरी मेणाचे गोळे चिकटवून ठेवावेत तशी. मॅडमनी एकेक मस बघितला. गळ्यामागचे, कपाळावरचे, छातीवरचे. बाहेर पेशंट ताटकळले. शेवटी त्यांनी मान वर केली. "आण्णा, काही नाही. हे म्हातारपणाचे मस आहेत. पांढऱ्या केसांनी कुणी मरतं का? तसंच हे."

मला वाटलं, माणूस हात जोडेल, निदान हसेल. भिवानं सदरा हळूहळू अंगात घातला, बटणं लावली आणि म्हणाला, "मग मेंढरांचं काय करायचं?"

झालं होतं असं, की मरणार म्हटल्यावर भिवानं आपला सगळा कळप दोन मुलांत वाटून टाकला होता. आमच्याकडच्या या माणसांचं सगळं जगणं म्हणजे कळप. सुगी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, पाऊस लागला की परतायचं. कळप दिला की म्हाताऱ्याचं उठणं-बसणं, निघणं-परतणं संपलं. तीन महिने तो वाडीत छपरात बसून मरणाची वाट बघत होता. अन्नही कमी केलं होतं, कारण मरायचंच आहे तर उगाच कशाला.

"परत मागा," मॅडम म्हणाल्या.

"दिल्यालं परत कसं मागायचं? सोताच्या तोंडानं वाटणी केलीया. पंच हुतं."

मॅडमचा राग मी पुष्कळ बघितला होता, पण त्या दिवसासारखा नाही. त्यांची भाषा एरवी शुद्ध असायची. फार तापल्या की फलटणची बोली बाहेर पडायची. "त्यो शिबिरातला कोन हाय त्यो? दोन हातावरनं बघून मानसाला मारतोय? आरं, टेकून तरी बघायचं की." मग बाहेरच्या पेशंटना उद्या या म्हणून सांगितलं, भिंग चष्म्याच्या डबीत घातलं आणि मला म्हणाल्या, "शिंदे, गाडी काढा."

भिवाला वडापच्या जीपमध्ये बसवून पुढं पाठवलं आणि आम्ही माझ्या मोटारसायकलवर मागनं. वाडी कोरड्या माळावर, बाभळींच्या आडोशाला. दोन्ही मुलगे, मारुती आणि सोपान, मेंढरांजवळच होते. मॅडमनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "तुमचे वडील मरत नाहीत," म्हणाल्या. "कळप एकत्र करा."

मारुती पंचेचाळिशीचा, घट्ट माणूस. तो म्हणाला, "मॅडम, आमी काय मागितली न्हवती. आबाच म्हनला, मी जगत न्हाई, घ्या वाटून. आता तुमी म्हनताय जगतोय. उद्या तिसरा डाक्टर काय म्हनल? आमी मेंढरं आशीच हिकडनं तिकडं करत बसायचं व्हय?"

मला खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं पटलं. मॅडमनाही पटलं असावं. त्या म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बघा." भिवाला तिथंच दगडावर बसवला, सदरा वर केला, थेंब टाकला आणि भिंग मारुतीच्या हातात दिलं. "डोळा लाव. काय दिसतंय?"

मारुती बराच वेळ वाकून होता. "पांढरं पांढरं हाय बारीक. चांदन्यावानी."

"आणि?"

"काळी भोकं. मुंग्यांच्या बिळावानी."

"हे दिसलं की माणूस मरत नाही. आता सोपानला दाखव."

सोपाननं बघितलं, सुनांनी बघितलं, शेजारच्या दोन घरांतली माणसं आली, त्यांनीही बघितलं. भिवाच्या पाठीवर सगळी वाडी वाकली होती आणि तो मधे बसून विचारत होता, "हाय का रं? चांदन्या हायत का?" सगळे कुजबुजायला लागले. तेवढ्यात मॅडमनी भिंग उचललं आणि मारुतीच्या मानेवर टेकवलं. कॉलरीच्या वर एक छोटा काळा मस होता, त्याला ठाऊकही नसेल.

"तुलाही आहे एक. त्याच चांदण्या," त्या म्हणाल्या. "तुझी मेंढरं कुणाला वाटू?"

सगळ्यात आधी धाकटी सून हसली. मग सोपान हसला, आणि मारुतीनं मानेला हात लावून शरमल्यासारखं केलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा दोन्ही कळप जाळीच्या एकाच कुंपणात घातले होते आणि भिवा त्यांच्यात फिरत एकेक कान धरून बघत होता.

पुढं दर वर्षी कृष्णाकाठाला जाताना आणि येताना त्याचा कळप आमच्या रस्त्यावरून जायचा. मुद्दाम वळण घेऊन यायचा तो. मेंढरं दवाखान्यासमोर थांबायची, रस्ता तुंबायचा, एसटीवाले हॉर्न मारून मारून दमायचे. मॅडम बाहेर येऊन उभ्या राहायच्या. भिवा मान हलवायचा आणि पुढं व्हायचा.

तिसऱ्या वर्षी तो परतताना लंगडत होता. मॅडमनी खिडकीतूनच बघितलं आणि हाक मारली, "आण्णा, पायाला काय झालं?"

"काटा मोडलाय आसंल. काळं पडलंय."

"कधीपासून?"

"लय दिस झालं. तुमी पाठ बघितली तवाबी हुतं की."

मी बाटली द्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो. मॅडम खिडकी सोडून दारापर्यंत आल्या. त्या म्हणाल्या, "मग तेव्हा दाखवलं का नाही?"

"तुमी म्हनला, काय न्हाई. मला वाटलं, पायबी त्यातच आला."

त्यांनी त्याला आत घेतलं, वहाणा काढायला लावल्या. टाचेखाली रुपयाएवढा काळा डाग, कडा पसरलेल्या. पाय स्वतःच्या हातानं धुतला. थेंब टाकला, भिंग टेकवलं. श्वास रोखून इतका वेळ बघत राहिल्या की मीच अस्वस्थ झालो. फोटो काढला. मग त्यांनी जे केलं ते मी त्याआधी कुठल्याच डॉक्टरला करताना बघितलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या, डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाय भिवासमोर स्टुलावर ठेवला. त्यांच्या तळव्यावर लहानपणापासूनचा एक तपकिरी तीळ होता.

भिवा मागं सरकला. "आवं मॅडम, तुमचा पाय मी कसा बघू?"

"बघा, आण्णा. तुम्हाला कळलं पाहिजे." भिंगाला मोबाइल लावून त्यांनी स्वतःच्या तळव्याचा फोटो काढला आणि त्याच्यापुढं धरला. "तळव्याच्या कातडीला रेघा असतात. सरी आणि वरंबा, उसाच्या रानात असतात तशाच. माझ्या तिळाचा रंग कुठं आहे?"

भिवानं मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "सरीत. पानी सोडल्यावानी, सरी-सरीनं गेलाय."

"सरीत असला की चिंता नाही. आता हा तुमचा."

त्यानं फोटोवर बोट फिरवलं. रानात आयुष्य गेलेला माणूस, त्याला आणखी सांगावं लागलं नाही. "माझा वरंब्यावर चढलाय की, मॅडम."

"व्हय, आण्णा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्याला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या, मीही बरोबर होतो. टाचेचा तेवढा भाग काढला, मांडीची कातडी लावली. कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला नव्हता. भिवा त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगला, काठी टेकत. पण कळपामागं तो पुन्हा चालला नाही. कळप मुलगे नेऊ लागले. ज्या कळपासाठी मॅडम वाडीवर भांडायला गेल्या होत्या तो शेवटी त्याच्या हातून गेलाच, आणि मला अजून ते सहन होत नाही.

मिरजेहून परत येताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "शिंदे, मी त्या पोराला शिव्या घातल्या. दोन हातांवरून बघतो म्हणाले. आण्णांच्या मुलांना फाडून खाल्लं. आणि माझ्यासमोर माणूस वहाणा घालून बसला होता, मी काढा म्हणाले नाही. एक तास बघत होते मी. तास."

भिवानं नंतर त्यांना सांगितलं होतं, "पाठ तुमी बघितली, पाय मी न्हाई दावला. निम्मी चूक माजी." त्यांनी ती निम्मी कधी घेऊ दिली नाही. दवाखान्यात नवा कागद लागला: 'चपला काढा. पाय दाखवा.' चेहऱ्यावरच्या मुरमासाठी आलेल्या कॉलेजच्या पोरींनाही तळवे दाखवावे लागायचे. त्या हसायच्या. कुणी हसलं की मॅडमचं डोकं फिरायचं. शिक्क्यात आणखी एक ओळ आली, 'तळपाय बघितले.' आणि पूर्वेकडच्या त्या वाड्यांतून एक रीतच पडली. तिकडची माणसं कुठल्याही डॉक्टरकडं गेली, दात दुखत असला तरी, आधी वहाणा काढतात आणि पाय वर करतात. डॉक्टर चक्रावतात.

मॅडमनी दवाखाना बंद केला तो डोळ्यांमुळं. पडद्याचा काहीतरी आजार, मधोमध धूसर दिसायचं. एक दिवस एका बाईचा डाग बघताना त्यांनी तीनदा थेंब टाकला, तीनदा काच पुसली आणि म्हणाल्या, "मला सांगता येत नाही." त्याच आठवड्यात गाळा रिकामा केला आणि फलटणला भावाकडं गेल्या. त्यांच्या जागी यायला कुणी तयार झालं नाही. बघून 'काही नाही' सांगायचं आणि घरी पाठवायचं, असल्या धंद्यात कोण येणार? गाळ्यात आधी टायरी भरल्या गेल्या, नंतर ही गुलाबी पाटी आली.

पाटीवाला मुलगा तसा वाईट नाही. अक्षय नाव. शेजारच्या गावचा, कालव्याचं पाणी आल्यापासून घरी ऊस. आधी मोबाइल दुरुस्त करायचा. पुण्याला जाऊन जाळायचं मशीन चालवायला शिकून आला. मी त्याला एकदा विचारलं, "तीळ जाळायच्या आधी बघतोस का काय आहे ते?" तो म्हणाला, "काका, तीळच आसतोय की. बघायचं काय त्यात?" आमच्या गावात एक बाई उभं आयुष्य हेच एक ओरडत होती, आणि तिच्याच खुर्चीत बसून हा विचारतो, बघायचं काय.

गेल्या महिन्यात भिवाच्या नातीच्या लग्नाला मॅडम आल्या होत्या. भिवा जाऊन चार वर्षं झाली, म्हातारपणानंच गेला, पायानं नाही. लग्न उरकून त्या दुकानात आल्या. केस पांढरे, चष्मा जाड, खांद्याला तीच जुनी पर्स. मी चहा सांगितला. चहा यायच्या आत त्यांनी पाटीकडं बोट केलं. "काय लिहिलंय? मला नीट दिसत नाही."

मी वाचून दाखवलं. वाचून दाखवायला नको होतं असं मला क्षणभर वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं केलं.

त्या उठल्या, मी मागं. आत अक्षय मशीन तयार करत होता. खुर्चीत तिशीतली एक बाई, हनुवटीवर काळा तीळ. बाकावर आणखी एक म्हातारी बसलेली. मॅडमनी विचारलं, "बघितलंस का हा?"

"तीळ हाय, मॅडम."

"कशावरून?"

"दिसतोय की."

"दोन हातांवरनं?"

अक्षयला मॅडम कोण ते माहीत असावं, तो अडखळला. "आवं, इतकं बघत बसलो तर दिवसाला दोन मानसं हुतील."

"मला दोन व्हायची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या बाईला जरा उठायला सांगितलं, स्वतः खुर्चीत बसल्या, डावी चप्पल काढली आणि पाय स्टुलावर ठेवला. पर्समधून चष्म्याची डबी काढली. "हे धर. माझे डोळे गेलेत, मला माझा पाय बघता येत नाही. तू बघ."

"मॅडम, तुमी मोठ्या, तुमचा पाय..."

"घरी ऊस आहे ना? सरी-वरंबा ठाऊक आहे?"

"व्हय."

"मग तुला येतंय. रंग सरीत आहे का वरंब्यावर, एवढंच सांग. सांगितल्याशिवाय मी उठत नाही."

पुढं काय झालं ते सांगून टाकतो. पाटी अजून तिथंच आहे. 'पाच मिनिटांत' हे शब्दही तसेच आहेत, मी रोज सकाळी शटर उचलताना वाचतो आणि रोज माझं डोकं फिरतं. भिंग मॅडमनी त्याला दिलं नाही, डबीत घालून परत नेलं. हनुवटीवर तीळ असलेली बाई त्या दिवशी तिळासकट घरी गेली, पुढं तिनं काय केलं मला माहीत नाही.

पण मॅडम मला आता आठवतात त्या अशा. दार काचेचं आहे. माझं गिऱ्हाईक आलं म्हणून मी रस्ता ओलांडून परत आलो होतो आणि काउंटरवरून बघत होतो. त्या खुर्चीत ताठ बसलेल्या, पाय स्टुलावर, ओठ घट्ट मिटलेले. अक्षय फरशीवर गुडघे टेकून त्यांच्या तळव्यावर वाकलेला. एकदा त्यानं मान वर करून काहीतरी सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि बोटानं पुन्हा पायाकडं दाखवलं. तो पुन्हा वाकला. आणि बाकावरची ती म्हातारी, जिला कुणी काही सांगितलं नव्हतं, खाली वाकून सावकाश आपल्या वहाणा काढत होती.